बाकावरची सात शांत पोरं

आई,

तुला फुटबॉलमधलं काही कळायचं नाही, आणि मी ज्या फुटबॉलबद्दल लिहितेय तो तर पायाने खेळतही नाहीत. अमेरिकेतला खेळ आहे. चेंडू बगलेत धरून पळायचं आणि समोरच्यांनी त्या पळणाऱ्याला धरून आडवा करायचा. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा तुझाच आवाज कानात आला, "ही तर कबड्डीच की गं, नुसती हेल्मेटं घातलेली." तुला त्यातली पकड आवडली असती. मधे मधे नाचणाऱ्या मुली बघून मात्र तू टीव्ही बंद केला असतास.

डब्लिनला आल्यापासून मी हाच खेळ बघते आणि त्याचा पगार घेते. सँडीफोर्डला आमचं ऑफिस आहे. तिकडचा एक संघ आम्हाला कॉलेजातल्या पोरांच्या सामन्यांचे व्हिडिओ पाठवतो. आम्ही ते थांबवून थांबवून बघतो, प्रत्येक हालचालीला गुण देतो आणि कोणाला घ्यावं ते कळवतो. भोसरीची पोरगी आयर्लंडमध्ये बसून अमेरिकेसाठी पोरं निवडते. याला तू उंटावरून शेळ्या हाकणं म्हणाली असतीस. त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. वर्षातून एकदा सगळे संघ एकत्र बसतात आणि आळीपाळीने एकेक पोरगा उचलतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच म्हण, फक्त मुलीकडून नकाराची सोय नाही. ज्याने उचललं त्याच्या गावाला जायचं आणि पुढची काही वर्षं त्याच्याच मैदानावर काढायची. पोराला त्या गावची हवा मानवते का, आईला सोडून राहता येतं का, हे कोणी विचारत नाही. त्याने आनंदाने टोपी घालून फोटो काढायचा असतो.

दोन हजार पंधराच्या ड्राफ्टमध्ये आमच्या सांगण्यावरून त्या संघाने सात पोरं उचलली. ती आमची पहिली बॅच. तेव्हा मॅनेजरने ऑफिसात केक आणला होता. आता तीन मोसम उलटलेत आणि सातांपैकी एकच पोरगा संघात उरलाय, तोही राखीव. तिकडचे पत्रकार त्या बॅचचं नाव काढून हसतात. मग संघाने आम्हाला विचारलं, नक्की चुकलं कुठे ते मागे वळून बघा आणि लिहून द्या. ते काम माझ्याकडे आलं, कारण त्या सात नावांवर सगळ्यात जास्त गुण माझे होते. आणि ते गुण, आई, मी तुझ्याकडून आणले होते.

तुला तुझं ते मैदान आठवत असेल. शाळेमागची लाल माती, चुन्याच्या रेषा, साडीचा पदर खोचून कॅनव्हासचे बूट घातलेली तू, गळ्यात शिट्टी. कबड्डीच्या निवडीचा दिवस. बाकीचे मास्तर चढाई बघतात, पकड बघतात, आणि तू चक्क खेळाकडे पाठ करून उभी राहतेस. बाद झालेल्या मुली जिथे रांगेत बसतात तिकडे तोंड करून. "चढाई काय, सगळेच बघतात," तू मुख्याध्यापकांना सांगतेस. "बाद झालेली पोर कशी बसते ते बघा. तिथे कळतं." कोणी रडत असते, कोणी मातीत रेघोट्या मारते, कोणी पंचाला शिव्या घालते. मी गुडघे जुळवून, हात मांडीवर ठेवून, डोळे रेषेवर लावून बसलेली असते. तू सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवतेस. "ही बघा. बाद झाली तरी डोकं खेळात आहे." आणि मला डावा कोपरा देतेस. पोटच्या पोरीला घेतलं म्हणून कुजबुज झाली, ती तू एका शिट्टीत बंद केलीस.

शाळा संपेपर्यंत मी डावा कोपरा होते. एकदा, फक्त एकदा, मी स्वयंपाकघरात विषय काढला होता. तू ओट्याशी भाकरी थापत होतीस, मी खाली फरशीवर सुजलेला गुडघा धरून बसले होते. मी म्हटलं, आई, मला या वर्षी संघात घ्यायचं का ते आधी मला विचारशील का? तू भाकरी तव्यावर टाकलीस, हात धुतलेस, हळद-तेल गरम करून माझ्या गुडघ्याला चोळायला बसलीस. किती हळू चोळत होतीस ते आजही त्या गुडघ्याला आठवतं. आणि म्हणालीस, "डावा कोपरा म्हणजे भिंत. भिंतीला काय विचारायचं असतं?" मला फार राग आला होता. आणि थोडा अभिमानही वाटला होता, हे त्याहून वाईट.

इथे आल्यावर मी तेच केलं. आमच्याकडे सगळे वेग मोजत होते, उंची मोजत होते, वजन मोजत होते. मी म्हटलं, चूक करून बाहेर आलेला पोरगा बाकावर कसा बसतो ते मोजू. मॅनेजर इकडच्याच कॉर्क गावचा आहे, माझ्याहून लहान, बोलायला गोड. तो म्हणाला, "दॅट्स क्लास. कुठून सुचलं तुला हे?" मी म्हटलं, माझ्या आईकडून. तेव्हापासून ऑफिसात त्या रकान्याला सगळे 'मम्माज बेंच' म्हणायला लागले. तुझ्या नावाने अमेरिकेत पोरं निवडली गेली, आई. माझे तेव्हा जमिनीवर पाय ठरत नव्हते.

अहवालासाठी सोडून दिलेल्या पोरांशी बोलायचं होतं. पहिला फोन आमच्या पहिल्या नावाला, पकड करणाऱ्या एका धिप्पाड पोराला. दुसरा एखादा संघ बोलावेल म्हणून तो आईच्या घरी वाट बघत बसलाय. फार अदबीने बोलतो, दर वाक्याला मॅम. मी त्याचे कॉलेजातले व्हिडिओ पुन्हा काढले होते. चूक झाली की बाहेर येतो, बाकाच्या टोकाला बसतो, हेल्मेट मांडीवर, डोळे मैदानावर. मी त्याला तिथे सर्वांत जास्त गुण दिले होते. मी विचारलं, "तू तिथे बसून काय बघायचास?" त्याने आधी प्रश्न पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाला, "काही नाही, मॅम. मी बसलोय तोवर माझ्यामुळे आपण हरत नाहीये, एवढंच वाटायचं. बरं वाटायचं."

मी फोन ठेवला. मग बाकीच्या सहांचे व्हिडिओ काढले. सगळे गुडघे जुळवून बसलेले. ज्या पोरांनी हेल्मेट आपटलं, जी बाकावरून उठून ओरडली, मला परत आत पाठवा म्हणून कोचच्या अंगावर गेली, त्यांना मी शून्य दिलं होतं. ती दुसऱ्या संघांनी उचलली, आणि आज त्यांचीच नावं टीव्हीवर असतात. आपल्याकडे वर्गात गप्प बसणारं मूल गुणी. माझ्याही डोक्यात तेच बसलेलं. अख्ख्या देशातून शोधून शोधून मी सात पोरं काढली, आणि सातही माझ्यासारखी.

त्याच आठवड्यातला शनिवार. तुझी नात, तू गेल्यानंतर जन्मलेली, सहा वर्षांची आहे. घराजवळ ओंगारच्या मैदानावर इथला गेलिक फुटबॉल शिकायला जाते. हा आणखी तिसराच फुटबॉल, त्याचं तू विचारूच नकोस. कोणाचे तरी बाबा कोच असतात. ती ओल्या गवतावर कोट अंथरून बसली होती. कोच आले, तिच्यापुढे उकिडवे बसले आणि म्हणाले, "तुला आत जायचंय का, पेट?" इथे बाळाला पेट म्हणतात. ती म्हणाली, "नो थँक्स. आय अ‍ॅम ग्रँड हिअर." इथेच बरी आहे मी, असं. ते म्हणाले, "नो बॉदर," हरकत नाही, आणि गेले. एवढंच. माझ्या तोंडात 'ऊठ, पाय ताण' आलंच होतं, जिभेवरून परत गिळलं. घरी येताना मी विचारलं, "का गं नाही गेलीस?" मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं. "आय डिडन्ट वाँट टू, ममी. ही आस्क्ड." त्यांनी विचारलं, म्हणून सांगितलं. ती उड्या मारत पुढे गेली आणि मला रस्त्यात थांबून बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करावं लागलं.

रविवारी मी अहवालात एक पान घातलं. शांत बसण्याला आपण एकाग्रता समजलो, ती भीती होती. चूक पोरांची नाही, मोजणाऱ्याची आहे, असं साधं लिहिलं. सोमवारी मॅनेजरने केबिनचं दार लावलं. "हे तू स्वतःच्या गळ्यात दोर घालतेयस," तो म्हणाला. "पोरांत जिद्द नव्हती, एवढं लिही ना. युअर मॅन हॅड नो फाइट इन हिम, तो पहिला पोरगा लढणाराच नव्हता, एका ओळीत संपतं." मी म्हटलं, सोडून दिलेल्या पोरांबद्दलचे आपले शेरे दुसरे संघही मागवतात. ती ओळ त्यांच्याकडे गेली तर त्या पोराचा फोन पुन्हा वाजणार नाही. तो म्हणाला, "आणि हे पान आपल्या संघाकडे गेलं तर त्यांचं काम आपल्याकडून जाईल. तुझं वर्क परमिट आमच्या नावावर आहे, लक्षात आहे ना? धमकी नाही देत. मी फक्त सांगतोय."

धमकी नव्हतीच ती, आई. खरंच होतं ते. माझ्या परमिटवर कंपनीचं नाव छापलेलं आहे. ही नोकरी गेली की दुसऱ्या कंपनीने नवं परमिट काढेपर्यंत मी इथे कोणीच नाही. नवऱ्याचं आणि लेकीचं इथे राहणं माझ्याच कागदाला टाचलेलं. त्या पोरांवर मी गुण टाकत होते तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं, की मलाही एकदा कंपनीने कॉलेजातून असंच उचललं, मग इकडे पाठवलं, आणि मी टोपी घालून फोटो काढला. रोज सकाळी ब्रूमब्रिजला लुआसमध्ये, म्हणजे इथल्या ट्राममध्ये बसते, सँडीफोर्डला उतरते, संध्याकाळी तशीच परत. मीटिंगमध्ये गुडघे जुळवून बसते. गेली कित्येक वर्षं माझ्या वार्षिक शेऱ्यात एकच शब्द येतोय, शांत.

त्या केबिनमध्येही मी तशीच बसले होते, हात मांडीवर. तो हसून म्हणाला, "एक आवडतं मला तुझं. काही झालं तरी तू शांत असतेस." आणि काय झालं मला माहीत नाही, मी म्हटलं, "मी शांत नाहीये. मी घाबरलेय. मी कायमच घाबरलेली असते." माझा आवाज इतका चिरका निघाला की काचेपलीकडच्या दोघांनी वर बघितलं. तो खुर्चीत मागे टेकला. म्हणाला, "खरं सांगू? मीपण." मग त्याने ते पान पुन्हा वाचलं आणि म्हणाला, पान राहू दे, पण त्याखाली फक्त तुझं नाव राहील, कंपनीचं नाही. मी हो म्हटलं.

अहवाल गेलाय. संघाकडून उत्तर नाही. त्या पोराला अजून कोणी बोलावलेलं नाही, बोलावतील का तेही मला माहीत नाही. परमिटच्या नूतनीकरणाचं मी विचारलं तर मॅनेजर म्हणतो, बघू, आणि नजर दुसरीकडे वळवतो. मी रोज जाते, तीच लुआस, तीच खुर्ची. धाडस केल्यावर माणूस मोकळा होतो असं ऐकलं होतं. मला तर, मी होते त्याच खोलीला आता खिडकी पडल्यासारखं झालंय, बाहेरचं दिसतं आणि दार नाहीच.

हे तुला कुठे पाठवणार? स्वयंपाकघरातल्या कपाटात ठेवून देते, भाकरीच्या पिठाच्या डब्याखाली. लेक कपाटाला इथल्यासारखं प्रेस म्हणते, आता मीही म्हणते. तुझ्यावर राग धरून लिहायला बसले होते. पानामागून पान तुला हेच ऐकवतेय, की तू मला कधी विचारलं नाहीस. पण एक राहिलं, ते या कागदाशिवाय कुणाला सांगणार नाही. त्या दिवशी भाकरी बाजूला ठेवून तू मला खरोखर विचारलं असतंस ना, तर मी हो म्हणाले असते. गुडघे जुळवून, त्याच शांत चेहऱ्याने. आणि तू ते खरं मानलं असतंस.