मी आणि माझे झिजलेले स्नायू

३ मार्च
आतड्यातली गाठ काढायची आहे. सर्जन म्हणाले, आधी आहारतज्ज्ञ बाईंना दाखवा. मला! वीस वर्षं क्लबच्या दारावर बाउन्सर आहे. किती जणांचे दात घशात घातलेत.
बाईंनी अनवाणी मशीनवर उभं केलं, हातांत मशीनच्या दोन मुठी दिल्या. वजन अठ्ठ्याण्णव. म्हणाल्या, आहे ती चरबी, स्नायू झिजलेत, तुम्ही कुपोषित आहात. असंच कापलं तर जखम भरणार नाही.
मशीनला लाथ घातली. हलकीच. काच फुटली. मालच कच्चा.

४ मार्च
निश्चय: चिडायचं नाही. दोन आठवडे अंडी, डाळी, प्रोटीन पावडर, चालणं. मग ऑपरेशन. बायकोने फ्रिजवर तक्ता चिकटवला.
संध्याकाळ: पावडरचं दूध खडूसारखं लागलं. ग्लास भिंतीवर. बायकोने मुकाट्याने काचा वेचल्या. समजूतदार आहे.

७ मार्च
मेहुणा आला. म्हणाला, भावजी, शर्ट हँगरला लावल्यासारखा दिसतोय. मी प्रेमानेच कॉलर धरली. त्याचं नाक मध्ये आलं. रक्त जरा जास्तच. बायको त्याला घेऊन माहेरी गेली.
तक्त्यात लिहिलं: व्यायाम, वीस मिनिटं.

११ मार्च
बायको अजून आली नाही. येईल, जाते कुठे! अंडी: शून्य. उद्या एकदम बारा खाणार.

१५ मार्च
अंडी उकडायचा कंटाळा आला. ताकद तपासायला क्लबवर गेलो. एक दारुडा आत घुसत होता, जेमतेम माझ्या खांद्याएवढा. सगळा जोर लावून जबड्यावर ठोसा हाणला. त्याने विचारलं, काका, बरं वाटत नाही का? मग दंडाला धरून मला पायरीवर बसवलं, पाणी पाजलं.
दारू प्यायलेल्याला मार लागत नाही, हे शास्त्र आहे.

१८ मार्च
वजन आणखी पाच किलो कमी. ऑपरेशन पुढे ढकललं. बाई म्हणाल्या, आता दाखल व्हा, नाकातून नळीने अन्न देऊ. दाखल झालो. नळी घातल्यावर ती उपटायला गेलो, तर नर्सने दोन बोटांनी मनगट धरून हात गादीवर ठेवला. तिथेच राहिला.
दुपारी बायकोला फोन केला. चांगलं खडसावायचं होतं, पण घशातल्या नळीमुळे आवाजच फुटेना. कसंबसं म्हणालो, ये.
ती रडत म्हणाली, अहो, लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या हळू बोलताय. निघालेच.
मी काही खुलासा केला नाही.