खालच्या कप्प्यातले पाणी

मी, वनस्पतींच्या जनुकांवर संशोधन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत रोपे वाढवण्याच्या खोलीचा मदतनीस, वय सत्तावीस, अविवाहित, शिक्षण अकरावी पूर्ण व बारावी अर्धी, आज सकाळी चहा घेऊन, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करावे इतके काही जवळ आहे असेही कधी वाटले नव्हते.

येत्या सोमवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. शंभरातले अठ्ठ्याण्णव जण बरे होऊन घरी जातात, असे डॉक्टर म्हणाले. धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण आमच्याकडे चांगल्या बियांचेही तेच प्रमाण असते. शंभर पेरल्या की अठ्ठ्याण्णव उगवतात, आणि न उगवणाऱ्या दोन कोणत्या हे पेरताना ओळखू येत नाही. सात वर्षे पेरतो आहे, मला एकदाही ओळखता आलेले नाही.

शेजारचे टायपिस्टकाका कोर्टाबाहेर बसतात. कलमे त्यांनी सांगितली तशी पाडली आहेत. शुद्धलेखन माझे आहे.

कलम १. राहती खोली भाड्याची असल्यामुळे ती कोणाला देता येत नाही. खोलीतले सामान आणि बँकेत जे असेल ते सर्व आईचे. किती आहे ते येथे लिहीत नाही, कारण हा कागद थोरला भाऊ आधी वाचेल.

कलम २. सायकल थोरल्या भावाला. त्याने ती चालवावी, विकू नये. पाहुण्यांसमोर तो एकदा म्हणाला होता की आमच्या धाकट्याला गवताला पाणी घालायचा पगार मिळतो. तेव्हा मी मान खाली घालून बसलो. आता सांगतो की ते गवत नाही. मोहरीच्या कुळातले बोटभर उंचीचे रोप आहे, आणि जगभर संशोधक त्याच्यावरच काम करतात, कारण ते सहा-सात आठवड्यांत पुन्हा बी देते. शिवाय पगार पाणी न घालण्याचाही मिळतो. ते पुढे येईल.

कलम ३. शब्दकोश वहिनीला. ती सातवीनंतर शाळेत गेली नाही, पण मी कामावर गेलो की खोली झाडायला येते तेव्हा तो काढून वाचते हे मला ठाऊक आहे. पान दुमडते, त्यावरून कळते. यापुढे चोरून वाचायची गरज नाही. पान मात्र दुमडू नये.

कलम ४. बारीक टोकाचा चिमटा व पेन्सिली माझ्या जागी जो कोणी येईल त्याला. त्याने ध्यानात ठेवावे की रोपाचे लेबल पेन्सिलीनेच लिहायचे. शाई स्पिरिटने पुसली जाते, पेन्सिल जात नाही. हे मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला इतक्या वेळा सांगितले की प्रयोगशाळेत माझे नावच ‘लेबल’ पडले. प्रयोगशाळेचे प्रमुख सर परदेशी पाहुण्यांनाही माझी ओळख त्याच नावाने करून देतात. त्याबद्दल तक्रार नाही.

कलम ५. एक राग दोन-तीन वर्षे सांभाळला, तो येथे सोडून देतो. आमच्याकडे एक ताई पीएचडी करत होती. तिचा शोधनिबंध मोठ्या नियतकालिकात छापून आला. शेवटी आभार होते. त्यात दिव्यांच्या नळ्या विकणाऱ्या माणसाचेसुद्धा आभार होते. तिच्या रोपांकडे तीन वेळचे बारा-बारा दिवस मी पाहिले होते, माझे आभार नव्हते. चार महिने मी तिच्याशी कामापुरतेच बोललो. ती दुसऱ्या देशात नोकरीला गेली, तेव्हा सगळे तिला सोडायला खाली गेले आणि मी वर ट्रे धूत बसलो. आता त्या निबंधात माझे नाव नाही हे बरेच झाले असे वाटते. कारण कलम ६ मध्ये आहे.

कलम ६. हे कलम लिहिण्यासाठीच बाकीची लिहिली.

ताईचा प्रयोग असा होता. रोपाचे एक जनुक बंद पाडायचे. अशा रोपांना उशिरा फुले येत, म्हणून आम्ही त्यांना ‘आळशी’ म्हणत असू. मग आळशी आणि साधी, दोन्ही रोपे बारा दिवस बिनपाण्याची ठेवायची आणि तेराव्या दिवशी पाणी देऊन कोण पुन्हा उभे राहते ते पाहायचे. तिन्ही वेळा आळशी जगली आणि साधी मेली. म्हणजे ते जनुक बंद केले की रोप दुष्काळ सोसते. यावर निबंध झाला, ताईला नोकरी लागली, सरांना पुढचे अनुदान मिळाले.

ताई साधी रोपे नेहमी वरच्या कप्प्यात ठेवी आणि आळशी खालच्या कप्प्यात. ट्रे रोज फिरवायचे काम माझे होते, पण ते त्याच कप्प्यात फिरवायचे. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर. तिथे धूळ फार बसते. मला धूळ चालत नाही. मी रोज सकाळी एकेक ट्रे उचलून तो कप्पा ओल्या फडक्याने पुसत असे. कोणी सांगितले नव्हते. कप्पा पत्र्याचा, त्याला बोटभर काठ. फडके मी घट्ट पिळत नसे, कारण घट्ट पिळलेल्या फडक्याने धूळ नुसती सरकते. उरलेले पाणी काठाशी साचे आणि ट्रेच्या तळाला भोके असतात.

बारा दिवस ज्यांना पाणी द्यायचे नव्हते, त्यांना मी रोज पाणी पाजत होतो. हे तेव्हा माझ्या डोक्यात आले नाही. आळशी टवटवीत आहेत याचा मला आनंदच व्हायचा.

ताई गेल्यावर सरांनी तोच प्रयोग पुढे न्यायला एक मुलगी घेतली. अंगाने काटकुळी, म्हणून सगळे तिला ‘बारकी’ म्हणतात. मी मॅडम म्हणतो. तिच्या वेळी आम्ही नव्या खोलीत गेलो. तिथले रॅक जाळीचे आहेत. तिची आळशी मरतात आणि साधीही मरतात. पाच वेळा झाले. सर सर्वांच्या बैठकीत तिला म्हणाले की काम तेच, बी तेच, लेबलही तोच, मग फरक हाताचाच. सगळ्यांनी वह्यांत डोकी घातली, मीही. तिसऱ्या वेळेनंतर ती माझ्यासमोर हातमोजे काढून तळवे पाहत बसायची. या महिन्याअखेर ती सोडून जाणार आहे. अर्ज लिहून झाला आहे. तो तिने शुद्धलेखन तपासायला माझ्याकडेच दिला होता. दोन चुका होत्या, त्या दुरुस्त करून मी अर्ज परत दिला. याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

फरक मला कळून चौदा महिने झाले. नव्या खोलीत रॅक पुसताना फडक्यातले पाणी जाळीतून सरळ माझ्या चपलेवर पडले. जुन्या खोलीत ते कुठे जात असे, हे तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेलो. सर, जुन्या खोलीतल्या फडक्याबद्दल बोलायचे आहे, एवढे म्हणालो. ते काही वाचत होते. मान वर न करता म्हणाले, “अरे, फडकी संपली तर मागवून घे. त्यालाही मला विचारायचं?” दुसऱ्या दिवशी डझनभर नवी फडकी आली. मी पुन्हा गेलो नाही. नोकरी जाईल ही भीती होती, ताईची बदनामी होईल ही होती, आणि आपण ज्या एका गोष्टीत चोख आहोत तिथेच घाण केली हे बोलून दाखवायची हिंमत नव्हती. बोलायचे ठरवले की छातीत धडधडे. ती धडधड भीतीने होती की झडपेने हे आता सांगता येत नाही.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर पुढील वस्तू बारकीला द्याव्यात. (अ) माझी रोजची डायरी. तीत ‘खालचा कप्पा ओल्या फडक्याने पुसला’ अशी नोंद त्या छत्तीसही दिवशी, वेळेसह आहे. (आ) ताईच्या तिसऱ्या वेळचा आळशीचा एक ट्रे. तो मी टाकून दिला नाही, का ते तेव्हा कळले नव्हते. तळाच्या भोकांतून मुळे बाहेर आलेली आहेत, आता वाळली आहेत. पाणी वर असेल तर मुळे खाली बाहेर येत नाहीत, हे तिला समजावून सांगावे लागणार नाही.

कलम ७. नव्या फडक्यांपैकी अकरा कोरी आहेत. ती सरांना.

वरील सर्व मजकूर मी दोनदा वाचून पाहिला. तो माझ्या इच्छेप्रमाणे आहे. माझ्यानंतर यावरून कोणी भांडू नये, भांडण्याइतके त्यात काही नाही.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी.

साक्षीला दोघे लागतात. एक टायपिस्टकाका. दुसरी बारकी, कारण सही करताना तारीख न विसरणारी तेवढीच माझ्या ओळखीची. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायचा नसतो, म्हणून मला चिंता वाटली नाही. ती आली, पेन उघडले, आणि काकांनी कागद ओढून घेतला. “हिचं आत काही आहे ना? जिला मिळायचं तिने साक्ष करायची नाही. केली तर ते देणं बाद होतं.”

“मला काय मिळतंय?” तिने विचारले.

काकांनी माझ्याकडे पाहिले आणि चष्मा पुसत गॅलरीत गेले. मी कलम ६ चे पान तिच्यासमोर ठेवले.

तिने ते उभ्यानेच वाचले. मग बसून पुन्हा वाचले. ट्रे कुठे आहे, एवढेच विचारले. पलंगाखालून काढून दिला. तिने तो उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला आणि भोकांतली मुळे एकेक करून मोजली. एकोणतीस होती. तिला मोजावीच लागली असती, तिच्या जागी मीही मोजली असती.

“दादा,” ती म्हणाली, “दोन वर्षं मी माझेच हात बघत बसले.”

तिने ट्रे सरळ करून खाली ठेवला. म्हणाली, “हे मी सरांना सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. सोमवारी झडप बदलून घ्या, बरे व्हा, आणि माझ्यासमोर सांगा. मेलात तर सुटलात असं होईल, ते मला चालणार नाही.” अर्जाचे काय, असे मी विचारले. तो ती तूर्त थांबवून ठेवणार आहे. डायरी आणि ट्रे ती पिशवीत घालून लगेच घेऊन गेली, आणि दाराशी जाऊन परत आली, कारण सही राहिली होती.

काकांच्या सल्ल्यानुसार लिहितो: कलम ६ मधील दोन्ही वस्तू मी जिवंत असताना दिल्या आहेत, त्यामुळे त्यांच्यापुरते ते कलम रद्द. बारकीला या मृत्युपत्राने आता काहीही मिळत नाही. सबब तिची साक्ष चालते.

ठिकाण: माझी खोली, दुसरा मजला.
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा गुरुवार.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार १: टायपिस्टकाका (सही)

साक्षीदार २: बारकी (सही, तारखेसह. पेन हातात असूनही तिने माझी पेन्सिल मागून घेतली. काकांनी हरकत घेतली, म्हणून शेजारी शाईनेही केली.)