औंढ्याचं नमुन्याचं घर

मुक्काम औंढे, माघ, सन १९४९

राजमान्य राजश्री बजरंगभाऊ यांस हौशीरामाचा वाकून रामराम. तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा खोकला हटला का? बेडशाच्या सगळ्या मंडळींना आमची आठवण सांगावी. इकडे तुमची बहीण कस्तुरा आणि आमची म्हैस, दोघी खुशाल आहेत.

पत्रास कारण आनंदाचं. आपल्या स्वराज्य सरकारनं ठरवलंय, की गरिबाला परवडेल असं पक्कं घर देशभर बांधायचं. त्यातलं नमुन्याचं घर मावळात कुणाच्या जागेवर उभं राहिलं? तुमच्या दाजीच्या! बांधकामावरचे ओव्हरसियर म्हणाले, माणूस पारखूनच निवडलाय. (गेल्या पावसात आमचं छप्पर बसलं होतं, आणि मोटारीतून दिसेल अशी रस्त्याकडेची जागा आमचीच होती, पण ते असो.) विटांच्या भिंती, मंगलोरी कौलं, आत गुळगुळीत फरशी! लोहगडवाडीची माणसंसुद्धा बघायला आली. मी दारात उभा राहून सगळ्यांना बाहेरूनच दाखवलं. आत पाय ठेवायची कुणाला परवानगी नव्हती. आम्हालासुद्धा! मोठे साहेब येऊन घर पास करणार, मग त्याआधी भिंत काळी झाली तर? म्हणून आम्ही महिनाभर गोठ्यात म्हशीशेजारी झोपलो. कस्तुरा रोज मला काय काय म्हणाली, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

साहेब आले, पुढच्या खोलीत फिरले, आणि दारात येऊन म्हणाले, "इथं राहतं कोण?"

मी छाती काढून सांगितलं, "कुणीच न्हाई साहेब! एक डाग पडू दिला न्हाई!"

साहेबांचा चेहरा उतरला. म्हणाले, "मग तुम्हाला घराची गरज दिसत नाही. दुसऱ्या कुणाला देऊ."

भाऊ, तेवढ्यात मागच्या खोलीतून धूर आला. कस्तुरा मागल्या दारानं आत शिरली होती आणि तिनं चूल पेटवली होती! डोईवरचा पदर सारखा करत बाहेर आली. म्हणाली, "राहतोय की साहेब. पाव्हणं आलं की आमचं मालक असंच काहीबाही बोलत्यात. आत या, भाकरी टाकलीय."

साहेब फरशीवर मांडी घालून पिठलं-भाकरी जेवले. डोळ्यांतून नुसत्या धारा. डोळे पुसत ओव्हरसियरना म्हणाले, "पुढच्या प्रत्येक घराला धुराडं ठेवा. नकाशात घ्या." भाऊ, आता देशात अशी घरं जिथं जिथं उठतील, तिथं तिथं तुमच्या बहिणीचं धुराडं असेल! घर पास झालं. मी तर दोन दिवस गावभर हेच सांगत फिरलो.

लहानांस आशीर्वाद.

आपला,
हौशीराम, घरमालक

ता. क. कागदावर घर कस्तुराच्या नावानं लागलंय. साहेबांनीच तसं लिहायला लावलं.

आणखी एक ता. क. हे पत्र गोठ्यातून लिहितोय. खिडकीला काच आहे हे ध्यानात न राहून मी आतून बाहेर तंबाखू थुंकलो. तुमची बहीण म्हणते, "तुमी म्हशीपाशीच बरं." थोरल्या भावाचं ती ऐकते. गाडी जुंपून लगोलग या. थंडी लय आहे.