नवरदेवाचं माप

विश्रांतवाडी, पुणे
१५ एप्रिल २०२४

चि. नम्रता हिस,
सप्रेम जयभीम.

मी इथे बरा आहे. तू आणि सौमित्रराव बरे असाल असं धरून चालतो.

एकाच शहरात राहून पोस्टाने पत्र पाठवतोय म्हणून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस. मागच्या महिन्यात हिंजवडीला तुझ्या सोसायटीच्या गेटपर्यंत आलो होतो. वॉचमनने वर विचारलं आणि मला सांगितलं, "मॅडम कामात आहेत." दोन बस बदलून यायला अडीच तास लागले होते, जायलाही तेवढेच लागले. आता पुन्हा तेवढी दगदग करायची ताकद नाही, म्हणून लिहितोय.

काल जयंती होती. मिरवणुकीत चाललो नाही, कोपऱ्यावर उभा राहून पाहिली आणि घरी आलो. तुझी आई असती तर तिने मला चालायला लावलं असतं.

तुला सौमित्ररावांकडून कळलंच असेल. माझं लग्न २३ मेला आहे, बुद्धपौर्णिमेला, दापोलीजवळ केळशीला. समुद्रावर लग्न म्हटल्यावर तुला वाटेल, म्हाताऱ्याला या वयात हौस आली. तसं नाही. कल्याणीच्या आई शहाऐंशीच्या आहेत, घाट चढून पुण्याला येणं त्यांना जमणार नाही. घर किनाऱ्याला लागून आहे पण अंगण एवढंसं, म्हणून सुरूच्या झाडांपुढे वाळूतच खुर्च्या मांडायच्या. संध्याकाळी पाच वाजता. दोन्हीकडची मिळून तीस माणसं. कल्याणी शिकवते त्या शाळेला सुट्टी मेमध्येच असते, नाहीतर मेमध्ये कोकणात कोण जाईल.

अडचण कपड्यांची आहे. परवा कोंडीरामला घेऊन लक्ष्मी रोडला गेलो. फॅक्टरीत तीस वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता, तेव्हा त्याला नाही म्हणता आलं नाही. दुकानातल्या माणसाने शेरवान्या काढल्या. जरी, खडे, आतून अस्तर, वर फेटा. मी म्हटलं, समुद्रावर आहे, उकडेल. तो म्हणाला, "फोटोत उकडत नाही." मग म्हणाला, "नवरदेव बरोबर आले असते तर माप घेता आलं असतं."

कोंडीराम म्हणाला, "आलाय की. हाच."

त्या माणसाने माझ्याकडे एकदा पाहिलं. चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाला, "ट्रायल रूम उजवीकडे."

एक घालून पाहिली. गळ्याचे हूक लावेपर्यंत घामाने निथळलो आणि काढताना हात आत अडकला. कोंडीरामला आत बोलवावं लागलं. तो ओढत होता, मी आरशात बघत होतो. काही न घेता आलो.

आमच्या लग्नातला माझा सूट तुला माहीत आहे. चुलतभावाचा टेरिकॉटचा, मे महिना, येरवड्याचा मंडप. तुझी आई नंतर सगळ्यांना सांगायची, "मला वाटलं नवरा रडतोय, बघितलं तर घाम."

माझे कपडे नेहमी तूच घेतलेस. रिटायरमेंटचा कोटही तुझ्याच पसंतीचा. तर आता पांढरं घालायचं हे ठरलेलंच आहे, पण लिनन घ्यावं की सुती, कुर्ता की शर्ट, वर जाकीट हवं की नको, पायात काय, एवढं कळव. तू सांगशील ते घालीन. बाकी काही मागत नाही.

तुझा,
पप्पा


विश्रांतवाडी, पुणे
२८ एप्रिल २०२४

चि. नम्रता,
जयभीम.

तुझा मेसेज आला. "कपड्यांचं विचारता. आई गेली त्या दुपारी तुम्ही कुठे होता, ते आधी सांगा." आठ दिवस झाले, रोज उघडून वाचतो.

कपड्यांचं निघालं शेवटी. आपल्या चौकातल्या टेलरकडे गेलो, तुझे शाळेचे ड्रेस शिवायचे तेच. त्यांनी समजावून सांगितलं. लिनन दिसतं छान, पण खुर्चीत एकदा बसलात की अंगावर चुरगळून येतं. मलमल घामाने अंगाला चिकटते आणि आतलं सगळं दिसतं. जरा जाडसर हातमागाचं सुती घ्या, अस्तर नको, जाकीट नको, बंद गळाही नको. काखेत सैल ठेवतो म्हणाले, आणि पायजमा घोट्याच्या वर, म्हणजे वाळू लागणार नाही. चपला वाळूत रुततात, अनवाणीच उभे राहा. माप घेताना म्हणाले, "छाती दोन इंच उतरली, काका. आजारी होता का?" मी म्हटलं, नाही.

तुला मी सांगितलं होतं की इंजेक्शन आणायला मेडिकलमध्ये गेलो होतो. ते खोटं होतं. मी कॅन्टीनमध्ये होतो. कल्याणीबरोबर.

तिचे मिस्टर तुझ्या आईच्या शेजारच्या डायलिसिस मशीनवर असायचे, हे तुला माहीत आहे. आठवड्यातून दोनदा, चार-चार तास, दोन वर्षं. त्या कॉरिडॉरमध्ये दुसरं बोलायला माणूस नव्हतं. आधी आम्ही क्रिएटिनिन किती आणि पाणी किती चालतं एवढंच बोलायचो. मग चहाला जायला लागलो. ते दोघं जिवंत असताना यापलीकडे काही नव्हतं. पण मंगळवार आणि शुक्रवारची मी वाट बघायला लागलो होतो. डायलिसिसच्या दिवसाची वाट बघत होतो मी, नमू. हे एवढं कल्याणीलाही मी सांगितलेलं नाही.

त्या मंगळवारी तुझ्या आईला बरं वाटत नव्हतं. म्हणाली, "आज इथंच बसा ना." मी म्हटलं, दहा मिनिटांत येतो. माझा मोबाइल तिच्या उशाशी ठेवला, काही लागलं तर नर्सला दाखवून कल्याणीच्या नंबरवर लाव म्हटलं. खाली गेलो. पाऊस लागला होता, कॅन्टीनमध्ये गर्दी होती. कल्याणी शाळेतली काहीतरी गंमत सांगत होती, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबाची. मी हसत होतो. किती दिवसांनी हसलो होतो, म्हणून उठवेना. चाळीस मिनिटं गेली.

वर आलो तर पडदा ओढलेला होता. बी. पी. एकदम खाली गेला म्हणाले. नर्सने कॉरिडॉरमध्ये दोनदा माझं नाव पुकारलं होतं. मग तू आलीस आणि विचारलंस, कुठे होतात? माझ्या तोंडून मेडिकल निघालं. एकदा निघालं ते निघालं.

तुझ्या आईने मला माफ केलं असतं की नाही, ते ठरवायचा हक्क मला नाही. तुझ्याकडेही माफी मागत नाही. लग्न मात्र मी करणार आहे. रोज संध्याकाळी कुलूप उघडून अंधाऱ्या घरात शिरायचं आता होत नाही माझ्याच्याने.

यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तर का नाही आली, असं कुणालाही विचारू देणार नाही.

पप्पा


हिंजवडी
२६ मे २०२४

पप्पांना जयभीम.

तुम्ही कागदावर लिहिलंत, म्हणून मीही लिहितेय. शेवटचं पत्र मी बहुतेक दहावीच्या पेपरात लिहिलं असेल.

मी येणार नव्हते. तुमचं दुसरं पत्र वाचून मी तीन आठवडे कुणाशी धड बोलले नाही. सौमित्रने त्या दिवशी सकाळी गाडी काढली आणि म्हणाला, "ताम्हिणीपर्यंत जाऊ. तिथून परत यावंसं वाटलं तर येऊ." घाट आला, मी परत फिर म्हटलं नाही, तो थांबला नाही.

उशीर झाला आम्हाला. त्रिशरण-पंचशील सुरू होतं. मी मागे सुरूच्या झाडांपाशी उभी राहिले. वारा अजिबात नव्हता. भन्तेजींचं बोलणं लांबत होतं आणि तुमचा कुर्ता पाठीला चिकटून आतल्या बनियनची पट्टी दिसत होती. टेलरकाकांनी सांगितलं ते सगळं केलं होतंत, तरी घामाने कुठलं कापड वाचतं? पण तुम्ही चांगले दिसत होतात. शेरवानीत विदूषक दिसला असतात. फक्त खांदे किती उतरलेत ते मला पहिल्यांदा दिसलं. पावणेदोन वर्षं मी तुमच्याकडे नीट बघितलंच नव्हतं.

हार घालताना तुम्ही मला पाहिलंत. तुम्ही पाहिलंत, हे मलाही दिसलं.

नंतर कल्याणीताई आल्या. मला वाटलं आता जवळ घेतील, रडतील, आणि मला तिथून निघून जावं लागेल. त्यांनी कोकम सरबताचा ग्लास पुढे केला. म्हणाल्या, "लांबून आलात. आत पंखा आहे, तिथे बसा." मी म्हटलं, इथे ठीक आहे. त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांच्या आईला खुर्चीतून उठवायला गेल्या. एवढंच. मला ते बरं वाटलं. त्यांना काय म्हणायचं ते मला अजून ठरवता येत नाही, सध्या ताई लिहितेय.

आता जे सांगायला तिथे आले होते आणि तुम्हाला तसं घामाने भिजलेलं, हसऱ्या चेहऱ्याने माणसांना जेवायला बसवताना बघून सांगता आलं नाही, ते.

त्या मंगळवारी माझी मीटिंग होती. तीन वाजून दहा मिनिटांनी तुमचा फोन आला. स्क्रीनवर 'पप्पा' दिसलं, मी कट केला. चार मिनिटांनी परत आला. परत कट केला आणि मेसेज टाकला, "मीटिंगमध्ये आहे. नंतर करते." मग हॉस्पिटलमधून फोन आला.

एवढे दिवस मला वाटत होतं, ते फोन तुम्ही केले होते. आई अत्यवस्थ असताना तुम्ही मला बोलवत होतात आणि मी कट केलं. तुम्ही कधी त्यावरून एक शब्द बोलला नाहीत, म्हणून मला तुमचा आणखी राग यायचा. तुम्ही विचाराल या भीतीने मी आधीच तुम्हाला विचारत सुटले, कुठे होता, कुठे होता.

तुमच्या पत्रात मोबाइल आईच्या उशाशी होता हे वाचलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होते. उतरायचा स्टॉप गेला.

फोन आईने केले होते, पप्पा. एका हाताने, दुसऱ्या हाताला सुया असताना. तिला काय सांगायचं होतं, ते आता कळणार नाही. कदाचित घाबरली असेल. कदाचित तुम्ही दहा मिनिटांत आला नाहीत, एवढंच सांगायचं असेल. माझा मेसेज त्या गडबडीत तुम्ही पाहिला नसावा. तिनेही वाचला नसावा, चष्म्याशिवाय तिला वाचता यायचं नाही. तो चष्मा तेव्हा डोळ्यांवर होता की पर्समध्ये, हे तुम्हाला आठवत असलं तरी मला सांगू नका.

हे तुम्हाला न कळवताही चाललं असतं. तुमचं नुकतं लग्न झालंय. पण मग त्या दुपारचे दोषी तुम्ही एकटेच राहिला असता. ते मला इतके दिवस सोयीचं होतं. आता नाही होत.

वाचून तुम्हाला माझा राग येईल. येऊ द्या. आवरू नका, कल्याणीताईंपुढे चांगुलपणा दाखवायला गिळूही नका. तुम्ही माझा पावणेदोन वर्षं सोसलात. तुमचा किती दिवस चालतो ते मी इथे बसून सोसेन.

तुमचीच मुलगी,
नमू