हजेरी मास्तराचा जबाब

लाखांदूर
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुलदीप,

टक टक, टक टक. सकाळपासून कानात हाच आवाज आहे. चौथीत आमचे गुरुजी लाकडी डस्टर टेबलावर आपटून कवितेचा ठेका धरत, खडूची भुकटी उडे आणि आम्ही चाळीस पोरं शाळेमागच्या तळ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात कविता म्हणत असू. तळ्यावर तुझे आजोबा डोंग्यात उभे राहून जाळं टाकत. त्यांना अक्षर येत नव्हतं, पण आमच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता त्यांना चालीसकट पाठ होत्या.

आशीर्वाद लिहायचा राहिला. माझा घ्यायचा की नाही, ते पत्र वाचून झाल्यावर ठरव. तोपर्यंत आईचा घे.

बांधीतला धान कापून झाला. आईचे गुडघे नेहमीसारखेच आहेत. तुम्ही दोघं खुशबूच्या माहेरी वरठीला गेल्यापासून घर मोठं वाटतं. तिकडे कारखान्याचा आवाज चोवीस तास असतो म्हणतात. तुला तर आता कुकरची शिट्टीही सहन होत नाही. झोप लागते का? मी तेरा वेळा फोन केला. खुशबूनं एकदा उचलला आणि 'ते झोपले आहेत' म्हणाली. दुपारचे बारा वाजले होते. तू झोपला असशील तर चांगलंच आहे.

शुक्रवारी तुझी चौकशी आहे, हे मला पोलीस ठाण्यातूनच कळलं. आरोप दोन. सिक रजेच्या नावाखाली विनापरवानगी गैरहजर राहिलास, हा पहिला. दुसरा, रजा रद्द झाल्याचं कळल्यावर ठाण्यात जाऊन, सकाळच्या हजेरीला सगळ्यांसमोर, माझ्या जागी हजेरी मास्तर झालेल्या भूपेंद्रची कॉलर धरलीस. दुसरा आरोप जड आहे. त्यात नोकरी जाऊ शकते.

भूपेंद्रबद्दल पुढे लिहितो.

मला शाळेत मास्तर व्हायचं होतं, हे तू हजार वेळा ऐकलं आहेस. झालो हजेरी मास्तर. कोणाला कोणत्या बंदोबस्ताला पाठवायचं, कोणाची साप्ताहिक सुट्टी कापायची, कोणाच्या नावापुढे काय लिहायचं, हे चौदा वर्षं माझ्या पेनात होतं. ठाणेदार बदलत, मास्तर तोच राही. लोक मला चहा पाजत आणि पाठीमागे शिव्या देत. मला त्याचं काही वाटत नसे, कारण मी तिथे नसेच. ड्युटीचा तक्ता भरताना मी मनात चौथीचं पुस्तक पहिल्या पानापासून म्हणत असे. चौकात बारा तास उभं राहतानाही तेच. पुस्तक संपलं की पाचवीचं. तुला मी हाच उपाय सांगितला होता. आठवतं? तू म्हणालास, "बाबा, मले झोपेतही वायरलेसचा आवाज येऊन राहिला. हात थरथरते. वर्दीची बटनं खुशबू लावून देते." आणि मी म्हणालो, "एखादी कविता म्हण. बरं वाटते."

तू माझ्याकडे पाहिलंस ते मला आवडलं नव्हतं. आता कळतं की तू एका म्हाताऱ्या पोलिसाकडे पाहत होतास, बापाकडे नाही.

धनीरामचं तुला कधी नीट सांगितलं नाही. लहानपणी तू विचारायचास, बसस्टँडवरचा तो माणूस प्रत्येक एसटीला सॅल्यूट का करतो. मी म्हणायचो, वेडा आहे. तो माझ्याच ठाण्यात शिपाई होता. वर्गातही माझ्याच बाकावर होता, आणि कवितेची चाल माझ्यापेक्षा त्याची चांगली होती. दुर्गा विसर्जनाच्या बंदोबस्तात त्याला सलग एकोणीस दिवस सुट्टी नव्हती. तीनदा माझ्या टेबलाजवळ आला. तिसऱ्यांदा म्हणाला, "मारोती, माह्या डोक्यात कोणीतरी सारखी शिट्टी फुकून राहिला." मी मान वर न करता म्हणालो, "धन्या, नाटकं नको करू. माणसं नाहीत." आणि त्याला पुन्हा चौकात लावलं. दुपारी त्यानं टोपी आणि पट्टा हातगाडीवर काढून ठेवला आणि धानाच्या बांधीतून चालत निघून गेला. दोन दिवसांनी सापडला. त्याच्या नावापुढे 'गैरहजर' मीच लिहिलं. अक्षर सुंदर आलं होतं. साहेबांनी कौतुक केलं होतं.

तेव्हापासून मी बाजाराला मागच्या गल्लीतून जातो.

मला मात्र काही झालं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आलो. पस्तीस वर्षं नोकरी, एक दिवस सिक नाही. निरोप समारंभात हे वाचून दाखवलं आणि टाळ्या पडल्या. तुझी आई पहिल्या रांगेत होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नसेल. तिच्या डाव्या कानानं ऐकू येत नाही. का येत नाही, हे तुला माहीत आहे. तू सात वर्षांचा होतास आणि दारात उभा होतास. मी तीन दिवसांच्या बंदोबस्तावरून आलो होतो आणि तिनं फक्त विचारलं होतं, जेवता का.

असा निरोगी माणूस मी.

आता लिहितो. शाई वाळायच्या आत लिहितो, नाहीतर मी पुन्हा गुरुजींच्या वर्गात जाऊन बसेन.

तुझ्या रजेच्या नवव्या दिवशी दुपारी भूपेंद्रचा फोन माझ्या मोबाईलवर आला. तू घरी नव्हतास. डॉक्टरांनी मोकळ्या हवेत बस म्हणून सांगितलं होतं, तू गळ घेऊन तळ्यावर गेला होतास. भूपेंद्रनं चांगल्या शब्दांत विचारलं, "मास्तर, कुलदीप कसा आहे जी? साहेब विचारून राहिले." मला एवढंच म्हणायचं होतं की तो आजारी आहे. एक वाक्य. पण साहेब विचारतात म्हटल्यावर माझी पाठ खाटेवर बसल्या बसल्या ताठ झाली. आणि मी हसत म्हणालो, "त्याले काय होते? मस्त आहे. तळ्यावर मासोळ्या धरून राहिला. पाठवतो उद्या ड्युटीवर."

भूपेंद्रनं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "मास्तर, असं सांगू काय साहेबाले?" मी म्हणालो, "सांग ना. माह्या नावानं सांग."

त्यानं सांगितलं. त्याचं ते कामच आहे. चौदा वर्षं मीही तेच केलं.

रजा रद्द झाल्याच्या कागदात तळ्यावरच्या मासोळ्यांचं वाचून तुला वाटलं, भूपेंद्रनं तळ्यावर येऊन तुझ्यावर पाळत ठेवली. तू इथे अंगणात उभा राहून म्हणालास, "त्या भूपेंद्राले सोडत नाही मी." मी समोर खाटेवर होतो. माझ्या हातात पेपर होता. मी पान उलटलं. तू गाडी काढलीस, आणि पुढचं सगळं ठाण्यात झालं.

कुलदीप, मी तुझ्या आजाराला घाबरलो नव्हतो. माझा मुलगा सिक आहे हे ठाण्यातल्या माणसांना कळेल, म्हणून घाबरलो होतो. ते मला अजून मास्तर म्हणतात, तेवढ्यासाठी.

आईनं तो फोन उजव्या कानानं ऐकला होता. तू गेल्यापासून ती माझं ताट वाढते आणि आत निघून जाते. काल म्हणाली, "तुमी सांगता का मी सांगू?" एवढंच.

मी जबाब लिहिला आहे. नक्कल सोबत ठेवली आहे. त्यात तुझं दुखणं मी डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं आहे: बटनं, थरथर, न्हाणीघरात नळ सोडून तासतासभर बसणं. मी फोनवर खोटं बोललो हे लिहिलं आहे, तारखेसह. भूपेंद्रनं पदरचं काहीही सांगितलं नाही, हेही. शुक्रवारी अकरा वाजता मी स्वतः ठाण्यात हजर राहीन आणि तो वाचून दाखवीन. कॉलर धरल्याची शिक्षा यानं पुसली जाणार नाही, हे मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ती का धरलीस, ते कागदावर राहील. तू माझ्याशी बोललाच पाहिजेस असं नाही. डॉक्टरांच्या गोळ्या मात्र चुकवू नकोस. कवितेनं काही बरं होत नाही. मी पस्तीस वर्षं करून पाहिलं आहे.

दारावर कोणीतरी आहे. बघून येतो.

भूपेंद्र आला आहे. साध्या कपड्यात, चप्पल घालून. मला वाटलं, चौकशीची नोटीस असेल. हातात काही नव्हतं. मी म्हणालो, आत ये, आणि तो येईना. मी त्याला दारातच सगळं सांगून टाकलं, की कुलदीपला पत्र लिहितो आहे, जबाबही लिहिला आहे, त्यानं तुझं नाव स्वच्छ होईल. तो म्हणाला, "कुलदीपले तुमच्या फोनचं माहीत नाही, हे मले कळलं होतं ना, मास्तर. बापलेकात कायले आग लावू, म्हून चूप राह्यलो."

मग बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं शेणसडा उकरत राहिला. आणि खाली पाहतच म्हणाला, "कुलदीप ज्या डाक्टरकडे जाते, त्याचा पत्ता देता काय? ठाण्यात कोणाले सांगू नका जी."

माझ्या तोंडात आलंच होतं, की तुला काय झालं, मस्त तर दिसतोस. अर्धा शब्द बाहेरही पडला. आई आतून पाहत होती.

तो ओसरीवर बसला आहे. आई त्याच्यासाठी पाणी घेऊन गेली. डॉक्टरांची चिठ्ठी तुझ्या कपाटात आहे, आणि कपाटाची चावी तुझ्याकडे. कुलूप तोडतो आहे. रागावू नकोस.

लिहायला उशीर केलेला,
तुझा बाप
मारोतराव