खिडकीची उंची

४ मार्च

आज पितळी डब्यावर पडलेल्या उन्हाचा फोटो ग्रुपवर टाकला. हे म्हणाले, "उद्या कुठल्या भांड्याचा नंबर?"

ग्रुपचा नियम आहे – आपला फोटो टाकण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोवर लिहायचं. एक चांगली गोष्ट, एक सूचना. उत्तरात नुसती इमोजीची फुलं चालत नाहीत, शुभ सकाळ चालत नाही, घरची दुखणीखुपणी तर नाहीच. औषधांच्या दुकानाचे मालक ग्रुप चालवतात, ते याबाबत कडक आहेत. मला ते आवडतं. जमा एक, खर्च एक. मेळ बसतो.

५ मार्च

घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या फोटोवर लिहिलं. खिडकीतून दिसणारी तीच गल्ली ते रोज टाकतात. पूर्वी शेवटपर्यंत दिसायची, कोपऱ्यावर लावलेल्या सायकलीसुद्धा. हल्ली अर्धा फोटो खिडकीच्या कठड्यानेच खाल्लेला असतो. बाकीचे लिहितात, "लो अँगल झकास!" मला उगाच गोड लिहिता येत नाही. लिहिलं: कठड्यावरचं ऊन छान. सूचना – जरा वरून काढा, गल्ली दिसू दे.

उत्तर आलं, "प्रयत्न करतो, ताई."

७ मार्च

काकांचा फोटो वरून होता. गल्ली दिसली, पण हललेली. लिहिलं: उंची बरोबर. सूचना – हात स्थिर ठेवा.

८ मार्च

पुन्हा हललेला. पुन्हा तेच लिहिलं.

११ मार्च

सासूबाईंची वेणी घालत होते. खुबा मोडल्यापासून त्या अंथरुणातच. "माझा काढ की एखादा फोटो," म्हणाल्या, "पळून जाणार नाही मी." कंगवा पलंगाखाली पडला. तो काढून उठताना डोकं त्यांच्या उशीपाशी आलं आणि समोर खिडकी दिसली. अर्धा कठडा. वर विजेच्या तारा, आभाळाची पट्टी.

काकांचा फोटो!

तशीच बसून राहिले. "वेणी अर्धीच ठेवणार आहेस का?" सासूबाई म्हणाल्या.

माणूस अंथरुणात आहे, आणि मी त्याला फोटोसाठी उठायला लावते आहे.

१२ मार्च

यांना सांगितलं. "ग्रुपवर घरचं बोलायचं नाही ना? मग नसत्या भानगडीत पडू नकोस." देवापुढे बसले, जपात लक्ष लागेना. दुपारी औषधवाल्यांकडून पत्ता घेतला.

१३ मार्च

दार काकांनीच उघडलं. चांगले धडधाकट. 

आत पलंगावर त्यांच्या पत्नी. फोटो सगळे त्यांनी काढलेले, अगदी पहिल्यापासूनचे. काका फक्त पाठवतात. पूर्वी त्यांना बसता यायचं, आता नाही. वरून काढायचा म्हणून काका रोज सकाळी त्यांना मागून धरून उठवतात. म्हणून हलतो.

माफी मागायला गेले होते, ते राहिलंच. "उंचीचं तुम्हीच लिहिलंत ना?" त्या म्हणाल्या. "बरोबर होतं. मलाही खटकत होतं."

"आधी सांगायचं तरी," मी काकांना म्हटलं.

उत्तर पलंगावरूनच आलं. "आजारी बाईला कोण चुका दाखवणार? नुसती फुलं आली असती. त्या फुलांना अजून वेळ आहे."

मग फोन पुढे केला. "आजचा बघा."

बघितला. "तारा फार आल्यात," म्हटलं.

"उद्या डावीकडे सरकू."

"सरकू म्हणजे मी सरकवू," काका म्हणाले. दोघंही हसली.

घरी कुणाला सांगितलं नाही. ग्रुपवर तर नाहीच.

१९ मार्च

डावीकडून काढलाय. तारा गेल्या, कोपऱ्यावरच्या सायकली आल्या. हललाय थोडा. जमेला पुष्कळ होतं. नियमाप्रमाणे एकच लिहिलं.

२६ मार्च

काकांचा फोटो नाही.

२७ मार्च

नाही.

६ एप्रिल

आज आला. गल्ली शेवटपर्यंत स्वच्छ, जराही न हललेली. ग्रुपवर वाहवा चालली आहे. फोटोखाली काकांनी लिहिलंय, "हा मी काढला."

मी लिहिलं: फोटो स्थिर आहे. सूचना – उद्या खालून काढा, कठडा दिसू दे.