मुखवटेवाल्याची छाती

ता. ९ सप्टेंबर, रविवार

प्रिय धाकट्या,

आशीर्वाद लिहायला घेतला आणि हात अडला, तरी लिहितो. खुशाल असशील. तुझ्या वहिनीचा गुडघा आता बरा आहे, पण जिना चढताना तिचं पुटपुटणं काही थांबलेलं नाही. पोरगी दवाखान्यात नोकरीला लागली. फ्रेमच्या दुकानात मी एकटाच असतो. काच कापायला हल्ली चष्मा लागतो, आणि तो माझ्या शाळासोबत्याच्या, लंबूच्या दुकानातूनच घेतलेला आहे. लिहायचं आहे ते या लंबूबद्दलच.

मागच्या मंगळवारी तो दुकानात आला. बैठकीच्या खोलीत लावायला एक फ्रेम हवी होती. पाकिटातून त्याने कुस्तीवाल्यांची नऊ कार्डं काढून टेबलावर ठेवली. तीच आपली लहानपणची कार्डं, उंची, वजन, छाती, जिंकलेल्या लढती लिहिलेली. तुला आठवतच असतील. तू कसा विसरशील?

तो नंतर मोठा संग्राहक झाला. कुठकुठून जुने संच मिळवतो, प्लास्टिकच्या कप्प्यांत लावतो, पाहुण्यांना लांबूनच दाखवतो. मला कौतुकच होतं. पुठ्ठ्याला खिडक्या कापून मी एकेक कार्ड बसवायला घेतलं. चौथं हातात आलं तो मुखवटेवाला पैलवान होता.

त्याच्या छातीचा आकडा पुसला गेला होता, म्हणून लहानपणी मी शाईने '५२' लिहिला होता. आपल्या गावच्या शाळेतले अंक. बाकी सगळं कार्ड इंग्रजीत. पाचाची शेपटी मी तेव्हाही अशीच लांब ओढायचो.

मी विचारलं, "हा तुझ्याकडे कसा?"

"कसा म्हणजे? सुरुवातीपासून आहे की!"

"हा आकडा बघ."

त्याने कार्ड नाकाजवळ नेलं आणि खो खो हसायला लागला. "आयला, तुझं अक्षर! अरे हो, मीच काढला होता. नियमांचं पान घातलं होतं त्याच्या जागी. तू पाठीकडून मोजायचास ना, डोळे मिटून, जप केल्यासारखा!"

तो संच आम्हा दोघांच्या मालकीचा होता, हे तुला माहीत आहे. एक आठवडा त्याच्याकडे, एक माझ्याकडे. देताना छत्तीस मोजायचे, तेही पालथे. कारण कोणता कुठे आहे हे दिसलं तर लगेच सुरू होणाऱ्या डावात मजा राहत नसे. नियमांच्या पानाची पाठ बाकीच्यांसारखीच असते, हे मला माहीत होतं. तरी ते संचात येऊ शकेल, असं मनात आलं नाही. छत्तीस भरले आणि मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी मुखवटेवाला नव्हता. घरात मी होतो आणि तू होतास.

मी लंबूला म्हटलं, "धाकट्याला मारलं होतं मी त्यासाठी. देवाच्या तसबिरीवर हात ठेवायला लावला होता. तू तिथे उभा होतास."

"भावाभावांत चालायचंच. मी थोडंच मारलं त्याला? छत्तीस वर्षं झाली रे, आता काय पोलीस बोलावतोस?"

त्याने लपवलं याचं वाईट वाटलंच. पण तो ते विसरला होता, धाकट्या. विसरला म्हणून तर ते कार्ड स्वतःच्या हाताने माझ्या टेबलावर आणून ठेवलं. ज्यासाठी तुझी मान कायमची खाली गेली, ते त्याच्या लेखी पाठीवरची धूळ झटकावी तितकंच होतं. बाबांच्या दुखण्यात माझ्याबरोबर दवाखान्यात बसला तो हाच माणूस.

मी आठच कार्डांची फ्रेम केली. तो म्हणाला, "घे तुला तो, एवढं वाटतंय तर." ते कार्ड तुला पाठवणार होतो. पाकिटात घातलंही, मग काढलं. ज्या वस्तूची चोरी तुझ्या माथी मारली, ती आता कोणत्या तोंडाने तुझ्या हातात देऊ?

इथवर लिहून मी दोनदा उठलो. दुकानाच्या काचा पुसल्या. देवापुढे बसलो, पण नाव घेता येईना. त्या तसबिरीवर हात ठेवून तू खरं बोलला होतास. तुझ्यावरच नाही, मी देवावरही विश्वास ठेवला नाही.

आणि अजून एक. मारलेलं तुला आठवत असेल, पण हे तुला माहीत नाही.

हे फ्रेमचं दुकान आपल्या दोघांच्या हवाली करायचं ठरलं तेव्हा बाबा चाव्यांचे दोन जुडगे करून घेऊन आले होते. मी ते लंबूला सांगितलं. तो म्हणाला, "बघ बाबा, एकदा लागलेली सवय सुटत नाही." तेव्हा तरी त्याला खरं आठवत असणार. पण बाबांपुढे जाऊन बोललो तो मी. "एकच जुडगा पुरे. धाकट्याच्या हाताचा भरवसा नाही," म्हणालो. बाबांनी दुसरा जुडगा खिशात टाकला.

तू तीन आठवडे चाव्यांची वाट पाहिलीस आणि निघून गेलास. बाबांनीच तुला चोर ठरवलं, असं तू समजलास. त्यांच्या शेवटच्या दिवशी परक्यासारखा दारात उभा राहिलास, आत आला नाहीस. तुला जवळ बोलवायला त्यांनी हात वर केला होता. मी ते पाहिलं आणि तुला काही बोललो नाही. त्यांनीही मला कधी उघडं पाडलं नाही.

उत्तर नाही आलं तरी चालेल. एवढंच कर: आजपर्यंत बाबांवर जो राग धरलास, तो त्यांच्यावरून काढून घे. तो माझा आहे.

तुझा गुन्हेगार,
दादा